बावीस नंबरचा फोटो

५ जाने., सोम.
कॅमेरा परत आला. चिदानंद नवी पेठेतलं दुकान सोडून सकाळीच घेऊन आला. आमच्या मंडळाच्या जुन्या कॅमेऱ्यांच्या प्रदर्शनात म्हणे लोक ह्यांच्याच कॅमेऱ्यापुढे सगळ्यांत जास्त थांबले. "वहिनी, काय रुबाब हाय त्येचा. धनी गेला तरी रुबाब तसाच." जिभेला हाड नाही, पण मन वाईट नाही असं आजवर समजत आले.
घासूनपुसून चकचकीत करून आणलाय. मी सांगितलं नव्हतं. पाठीवर ह्यांच्या अक्षरातली चिकटपट्टी होती, ‘आत रोल आहे’. ती नाही. विचारलं तर, "शोकेसमध्ये बरं दिसत नव्हतं की."
चहा पिऊन गेला. पट्टीचा चिकटा पाठीवर राहिलाय. नखाने काढणार होते, मग राहू दिला.

६ जाने.
पूजा झाली की कॅमेऱ्यावरचा आकडा बघायचा, ही दीड वर्षाची सवय. हे गेले तेव्हा छत्तीसचा रोल बावीसवर थांबला होता. अर्धा रोल बाहेर काढायचा नाही, हा ह्यांचा नेम. पुढचे चौदा फोटो कोण काढणार? म्हणून आहे तसाच ठेवला. काल पाहुण्यांच्या गडबडीत बघायचं राहिलं.
आज आकडा नाही. सुरुवातीच्या खुणेवर जाऊन बसलाय.
ह्या जपानी कॅमेऱ्याचं पाठीमागचं दार उघडलं की आकडा आपोआप मागे जातो. दुसऱ्या कशानेही जात नाही. पडला, आपटला तरी नाही.
म्हणजे दार उघडलं. आत रोल असताना, उजेडात.
स्वयंपाक केला नाही.

७ जाने.
चिदानंदला फोन केला. आवाज साधा ठेवला. "कॅमेरा कुणी उघडला होता का हो?" "छे छे वहिनी. माझ्या नजरेसमोरच होता की तिन्ही दिवस."
त्याला वाटलं असेल, म्हातारी आकडा कशाला बघतीय. मी रोज बघते हे त्याला कुठे माहीत.
आमच्या मंडळात एक रीत आहे. दुसऱ्याचा कॅमेरा हातात घेताना आधी विचारायचं, "भरलाय का?" नवा माणूस आला की पहिल्यांदा हेच शिकवतात. चि.ने नेताना मला विचारलं होतं. मी म्हटलं होतं, "भरलाय. बावीस." त्याने मान हलवली होती. माझ्या डोळ्यांसमोरून ती मान जात नाही.

९ जाने.
झोप नीट नाही. त्या रोलवर काय आहे ते मलाच माहीत.
सांगोल्याच्या पुढे एका डाळिंबाच्या बागेत जुनी लाल बस आहे. चाकं नाहीत, विटांवर बसवलीय, आत खताची पोती. हे बघून वेडे झाले. छपरावरची शिडी, मागची गोल काच, हात बाहेर काढून वाजवायचा भोंगा, सगळं शाबूत. बागवाला हसत होता. "सायब, ह्यात आमी शेळ्या बांदतो पावसात, आन् तुमी फोटू काडताय व्हय?" ह्यांनी चहूबाजूंनी काढले. मी नेहमीसारखी मध्ये मध्ये येत होते. आयुष्यभर बसचे फोटो काढले आणि मला एकच सांगितलं, "जरा बाजूला हो."
त्या दिवशी मी ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसले, पाय दुखत होते म्हणून. उतरायला लागले तर म्हणाले, "थांब. हलू नको."
तो बावीस नंबर.
नंतर गाडीत म्हणाले, बस चांगली आलीय, तिच्यात तूही बरी दिसत होतीस. असला माणूस. महिन्याभरात आजार निघाला.

११ जाने., रवि.
मंडळ माझ्याकडे. पाच जण, सात कॅमेरे. अंबादासने आजोबांचा घडीचा कॅमेरा आणला होता, भात्याला भोकं पडलेली. सगळे त्याच्यावर वाकून, वास घेतायत. जुन्या चामड्याचा वास. मीही घेतला. राग असला तरी तो वास आवडतोच.
अंबादास भांडी आत आणायला आला तेव्हा हळूच विचारलं. हा विणकराचा मुलगा, खोटं बोलायला गेला की कान लाल होतात. कान लाल झाले, पण खरं बोलला. "वहिनी, माझं नाव घेऊ नका. चिदानंदअण्णांनी कालिजच्या पोरांना शटरचा पडदा दावायला दार उघडलं. रोल दिसला तसं लगेच लावलं. घाम फुटला होता त्येंना. आमी सांगा म्हणलं, तर म्हणले, वहिनी काय तो रोल कदी धुणार न्हाईत, कशाला दुखवायचं."
कशाला दुखवायचं. वा.
बाहेर चि. मोठ्याने सांगत होता, जुनी वस्तू कशी जपावी.

१२ जाने.
हिशेब केला, म्हणजे डोक्यात. काढलेले फोटो आत रिळावर एकावर एक गुंडाळत जातात. आधीचे आतल्या पदरात, शेवटचा सगळ्यांत वर. उजेड आधी वरच्याला खातो. म्हणजे बस वाचल्या असतील. मी गेले.
हसू आलं आणि मग खूप वेळ रडू आलं.

१५ जाने.
काल चि. तिळगूळ घेऊन आला. गोड बोलायचा दिवस. मी गोड बोलले. इतकं गोड की माझं मलाच वाटलं, बाई, तू नाटकात जायला हवी होतीस.
त्याचं वाईट व्हावं असं वाटतं. नुसतं वाईट नाही. त्याची एक गोष्ट जावी, एकच, परत न मिळणारी. आणि मी म्हणावं, छे छे, माझ्या नजरेसमोरच होती की.

१८ जाने., रवि.
देव आहे.
चि. श्रीपूरला जाऊन आला. कारखान्यातली कामगारांची जुनी बस, पुढे लांब नाक असलेली, भंगारात निघाली. शेवटची फेरी मारली तेव्हा हा आत होता. उसाच्या बैलगाड्यांची रांग, मध्ये ती बस, कामगार तिच्या नाकावर हार घालतायत. सांगताना डोळ्यांत पाणी. "वहिनी, दुसऱ्या दिवशी गॅस कटर लावला की तिला. आता हितं ह्या रोलमध्येच हाय ती."
आणि रोल माझ्या हातात ठेवला.
सोलापुरात काळापांढरा रोल धुऊन देणारं आता कोणी नाही. मंडळाचे सगळे रोल माझ्या बाथरूममध्ये धुतले जातात. ह्यांनी शिकवलं, मी घड्याळ धरायचे, मग हळूहळू रोल धुवायची उजेडबंद टाकी माझ्याच हातात आली. चि.च्या मनातही आलं नाही की दुसरीकडे द्यावा. इतका बिनघोर.
"पुण्याच्या प्रदर्शनाला पाठवायचाय. जपून हं," म्हणाला.
जपून.

२० जाने.
पहिला विचार: आधी चित्र पक्कं करणारा हायपो ओतायचा, मग ते उमटवणारा डेव्हलपर. उलट केलं की खेळ खलास, रोल कोरा. पण फिल्मच्या कडेला जे बारीक आकडे उमटतात ते नाही उमटले तर चूक धुणाऱ्याची, हे चि.ला कळतं.
दुसरा विचार: धुण्याआधी टाकीचं झाकण उघडायचं. सगळा काळाठिक्कर. मग सांगायचं, "अहो, तुमच्या कॅमेऱ्याचं दार सैल झालंय वाटतं." काही सिद्ध होणार नाही. पण त्याला कळेल. मला जसं कळलं तसं.
हा बरा. तीनदा मनात म्हणून बघितलं ते वाक्य. कसं म्हणायचं तेही ठरवलं, भाजी निवडता निवडता, वर न बघता.

२२ जाने.
अंबादासचा फोन. गड्ड्याच्या जत्रेला येता का विचारत होता. नाही म्हटलं. मग घुटमळला. "वहिनी, त्या बसचं लई वाईट वाटतंय बगा. नाक असलेली ती शेवटची होती की." त्याला संशय आलाय. ह्यांनाही त्या बसचं वेड होतं. दोनदा गेले होते श्रीपूरला, दोन्ही वेळा ती दुरुस्तीला गेलेली. हे असते तर चि.च्या आधी हेच नाकाला हार घालून आले असते.
ह्यात बसचा काय दोष, असं मनात आलं. मनाला गप्प बसवलं.

२४ जाने.
ठरलं. उद्या चि.ला बोलावलंय, रोल धुताना समोर बसा म्हटलं. खूश झाला.
माझाही रोल बाहेर काढला. दीड वर्षाने गुंडाळून घेतला. टाकीत दोन रिळं मावतात. एकात त्याचा, एकात माझा. एकदा विचारणार. खोटं बोलला तर त्याच्यासमोर झाकण उघडणार. दोन्ही जातील. माझा गेलेलाच आहे, माझं काय जातंय.
असं लिहिलं खरं.

२५ जाने., रवि.
चि. दुपारी आला. पेढे घेऊन. मी अंधारात रिळं चढवून टाकी बंद करून टेबलावर ठेवली होती. सांगितलं: खाली तुमचा, वर ह्यांचा. झाकणावर हात ठेवून विचारलं, "दार उघडलं होतं का?"
त्याने टाकीकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. घाबरून बोलला की मनापासून, देव जाणे. "उघडलं, वहिनी. पट्टी मीच काढली आन् मीच विसरलो. रोल दिसला तसं हातपाय गार पडले. त्या दिवसापास्नं नीट जेवलो न्हाय."
"मग फोनवर?"
"तोंडच उघडंना."
झालं. खरं बोलला. झाकण उघडायचं कारणच काढून घेतलं माझ्याकडून. बोलून मोकळा झाला, आणि मी आहे तिथेच. इतका राग त्या सहा तारखेलाही आला नव्हता.
डेव्हलपर ओतला. आधी डेव्हलपरच, हात आपोआप त्याच बाटलीकडे गेला. हाताचाही राग आला. मग हायपो, मग पाणी. तो घड्याळ धरून बसला होता, जिथे मी बसायचे तिथे. रडत होता का ते बघितलं नाही.
आता आत जे आहे ते आहे. उजेडाने काही बिघडायचं नाही. त्याची बस आली असणार, शंभर टक्के. वरच्या रिळावर, शेवटाला, काय आहे माहीत नाही. प्रदर्शनाची मधली खोली होती, ट्यूबलाइट होती, लगेच लावलं दार. अंबादास म्हणाला तसं, लगेच. लगेच म्हणजे किती ते मी त्याला विचारलं नाही.
टाकी चि.पुढे सरकवली. म्हटलं, "उघडा. तुम्हाला सवय आहे."
हात पुढे केला आणि परत मांडीवर ठेवला. "तुमीच उघडा, वहिनी. माझी न्हाय हिंमत."
"मग बसा."
दिवेलागण झाली. चि. बाहेरच्या खोलीत बसून आहे, पेढ्यांचा पुडा तसाच. टाकीतलं पाणी दोनदा बदललं. दर वेळी विचारते, उघडता का. नाही म्हणून मान हलवतो. ती मान आता वेगळी दिसते, पण मी विरघळणार नाही. फार वेळ पाण्यात ठेवून चालत नाही, हे दोघांनाही माहीत आहे.
त्याला म्हटलं, मला घाई नाही.
आहे. पण ते त्याला सांगणार नाही.