गुळाची भेली

दवाखान्यातून, वर्धा
१९५७

माय,

तुले माहा जयभीम. तू सिंदीहून पाठोलेली गुळाची भेली भेटली. पोटुशी लेकीनं खाल्लं पाह्यजे म्हणून तू सोताच्या पोटाले चिमटा घेऊन पाठोतं, मले ठाऊक आहे.

मागच्या महिन्यात इथल्या डॉक्टरीणबाईनं लघवी तपासली. म्हणे, पोटुशीपणात साखरेचा रोग झाला, लय उशिरा समजलं, आता साखर एकदम बंद. सासूबाईले हासूच आलं. "आमच्या घरी साखर हाय कुठी?" आपल्यात साखर म्हणजे पाव्हण्याच्या चहापुरती. म्हणून मी बेफिकीर गूळ खाल्ला, चहात, भाकरीसंग. मोरीत माह्या लघवीले मुंग्या लागल्या तरी कोणाले काही वाटलं नाई. पोट मोठं दिसे, तर बाया म्हणत, पहेलवान येऊन राह्यला.

काल डॉक्टरीणबाईनं पोटावर नळी लावली अन् इकडून तिकडून सरकवत राह्यली. मंग पुसलं, "काय खातेस?" मी गूळ म्हटलं. तिनं कपाळाले हात लावला. "अगं, गूळ म्हणजे साखरच की!"

परवापासून लेकरू हाललं नाई, माय. माहंबी काही खरं नाई, असं नर्सबाया आपसात बोलून राह्यल्या.

हे पत्र मी टाकणार नाई. तू जन्मभर गुळाकडे पाहून रडशील. दुसरं कार्ड टाकते, त्यात इतकंच लिहिते: भेली लय गोड निघाली.

तुही लेक,
शेवंता