पुसलेलं उत्तर

डोंबिवली, मंगळवार, १२ जानेवारी १९५४

का पुसलं मी? आज शाळा तपासायला साहेब आले होते. गणित मुलींनी पाटीवर सोडवलं, मी फळ्यावर. उत्तर बरोबर होतं. साहेब मागे नुसते खाकरले आणि मी ते हातानंच पुसून टाकलं! साहेब म्हणाले, "बाई, बरोबर होतं की." नोकरी अजून कायम व्हायची आहे, काय शेरा मारतील कोण जाणे. रोज मुलींना बजावते, स्वतःवर विश्वास ठेवा गं, तरच पुढे जाल. आणि मी? का पुसलं?

तेव्हा वर्गाकडे वळून बघते तर सगळ्या पाट्या कोऱ्या. पहिल्या बाकावरच्या कुसुमला विचारलं, "तुझं बरोबर होतं ना गं?"

"हो. पण तुम्ही पुसलंत ना, बाई."