कोणीही उतरवून घ्यावे

मी, सुगंधाबाई जीवराम फिरके, वय वर्षे एकोणसत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार यावल, जिल्हा जळगाव, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय ही माझी शेवटची इच्छा सांगत आहे. डोळे अधू झाल्याने माझा पुतण्या गिरधर लिहून घेत आहे. वारसाने लिहू नये असे वकिलांचे मत पडले; पण माझे बोलणे न छाटता लिहिणारा दुसरा कोणी मला ठाऊक नाही.

१. राहते घर गिरधरला. यजमान गेल्यापासून माझे हवे-नको त्यानेच पाहिले. ओसरी मात्र त्याच्या एकट्याची नाही, ते कलम तीनमध्ये येईल.

२. सोन्याच्या पाटल्या धाकटी बहीण शेवंताबाई हिला. तिच्या लग्नात तिने मागितल्या होत्या, मी दिल्या नव्हत्या. नंतर तिने कधी विषय काढला नाही, पण अजून माझ्या हातांकडे बघते.

३. ओसरीवरचे सायक्लोस्टाईल यंत्र, शाईचे डबे आणि माझ्या गणिताच्या वहीची बावीस स्टेन्सिले कोणा एकाची नाहीत. पाठ्यपुस्तकातल्या गणितांत आगगाड्या आणि पाण्याच्या टाक्या होत्या. माझ्या वर्गातल्या मुली सकाळी केळीच्या बागेत घड वाहून शाळेत येत. त्यांच्यासाठी ही वही लिहिली. जो येईल त्याने ओसरीवर बसून प्रती काढाव्यात, भर घालावी, वाटाव्यात. परवानगी विचारू नये.

हल्ली दुपारी डोळा लागला की एक एसटी दिसते. सातपुड्याच्या पायथ्याने हळूहळू चाललेली, आणि प्रत्येकाच्या मांडीवर माझ्या वहीचे एकेक पान. कंडक्टर तिकीट फाडायचे विसरून बेरीज करत असतो. जागी झाले तरी शाईचा वास येत राहतो आणि मला फार बरे वाटते.

४. पान नऊवर माझी चूक झाली होती. एक एकरात पाच बाय पाच फुटांवर केळीची खोडं सुमारे सतराशे बेचाळीस बसतात. मी स्टेन्सिलवर चौदाशे बहात्तर कोरले. ही चूक गावोगाव गेली. मग एके दिवशी भडगावहून पुष्पाबाई नावाच्या मास्तरीण बसने आल्या. वडिलांच्या बागेतली खोडं मोजून त्या आल्या होत्या. म्हणाल्या, "अक्का, तुमनं एक गणित चुकेल शे. बाकी बठ्ठं सोनं शे." सोबत कपाशीची सहा नवी गणिते त्यांनी स्वतः लिहून आणली होती. त्या दिवशी मला रडू आले, लाजेने नव्हे.

माझे जुने सहकारी भाईदास सर यांनी हीच वही स्वतःच्या नावाने गाइड म्हणून छापली. पहिल्या पानावर 'सर्व हक्क राखीव', आणि नवव्या पानावर अजून चौदाशे बहात्तर. त्यांना दुरुस्त पानाची एक प्रत पोहोचवावी. राग अजून आहे, तो मी बरोबर नेते.

५. माझे दिवस झाल्यावर गंधमुक्तीला टॉवेल-टोपी कोणी आणू नये. कोरे कागद आणावेत, आणि जाताना वही न्यावी.

६. एका प्रकाशकाला ही वही हवी आहे. अट अशी, की यापुढे दुसऱ्या कोणी तिची प्रत काढायची नाही. सही करावी म्हणून गिरधर दिवाळीपासून माझ्या मागे आहे. त्याचीही ओढाताण आहे, हे मला दिसते. तरी सांगते : वही विकायची नाही. विकली, तर घर शाळेला जाईल.

हे कलम लिहिताना गिरधरचा हात थांबला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो ओसरीवर जाऊन आला आणि म्हणाला, "काकू, पहिल्यापासून सांगा. हे स्टेन्सिलवरच घेतो, याच्याही प्रती काढू."

म्हणून वरील मजकूर दुसऱ्यांदा सांगितला आहे. दोन्ही खेपांना माझे म्हणणे एकच होते.

अंगठा व सही : सुगंधाबाई जीवराम फिरके
लिहिणार : गिरधर फिरके
साक्षीदार : १. पुष्पाबाई वना पाटील, भडगाव २. तोताराम झोपे, शेजारी
यावल, ११ डिसेंबर १९९१