शशिकांत भाऊजींच्या भिंतीवरचा अंगरखा

मी, नीलांबरी गुरुनाथ केळुसकर, राहणार ट्रॉय, मिशिगन, जुनी वस्त्रे जतन करण्याच्या कामातून निवृत्त, आज स्वतःच्या डायनिंग टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्यांना दबाव आणायचा होता त्यांनी तो आणून पाहिला आहे आणि ते आता थकले आहेत. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे, दिवंगत पतीबरोबर केलेल्या मृत्युपत्रासह, मी रद्द करते.

माझ्या वकील अनिका यांनी इंग्रजीत नीटनेटका कागद करून दिला होता. त्यात सगळे होते, फक्त कारणे नव्हती. कारणे लिहिली नाहीत तर आमच्या घरची माणसे ती आपापल्या मनाने तयार करतात, असा अनुभव आहे. म्हणून हा मराठी खटाटोप. भाषांतर अनिकाने करून घ्यावे आणि मधली कुरकुर गाळू नये.

कलम १. माझे घर, गाडी आणि बँकेत जे काही असेल ते माझी मुलगी रुही हिला मिळावे. ती चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे आणि परत मिशिगनच्या थंडीत येणार नाही, हे मला ठाऊक आहे. घर खुशाल विकावे. तळघरातील सपाट पेट्यांना ती लहानपणापासून ‘आईचा कचरा’ म्हणते. त्या पेट्या रिकाम्या आहेत, पण जुने कापड न खाणाऱ्या, आम्लविरहित पुठ्ठ्याच्या आहेत आणि बाजारात सहज मिळत नाहीत. त्या कलम २ मधील संग्रहालयाला द्याव्यात. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही रुहीनेच करावी. ती हाती घेतलेले काम चिडत चिडत का होईना पूर्ण करते. दोन्ही गुण माझ्याकडून गेले आहेत.

कलम २. माझा सूक्ष्मदर्शक, चिमटे, वाकड्या सुया आणि रेशमी दोऱ्याची रिळे, मी जिथे नोकरी केली त्या संग्रहालयाच्या वस्त्र विभागाला द्यावीत. विभागाला, संचालकांना नव्हे. मी तिथे असताना फराओंच्या शवपेट्यांना मोठे दालन होते, ग्रीकांच्या पुतळ्यांना वरून उजेड येणारे दालन होते, आणि कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांची, कापडे स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात लावलेली होती. मी दर वर्षी अर्ज केला. शेवटच्या वर्षी संचालक म्हणाले, “बोळातून लोक जास्त जातात, नीला.” हे त्यांना उत्तर वाटले होते.

कलम ३. माझी पुस्तके ट्रॉयमधल्या कॉप्टिक चर्चला द्यावीत. ती कोणती ठेवायची हे माझी मैत्रीण मरियम गिर्गिस ठरवील. मरियम फार्मसिस्ट आहे. आपल्या महाराष्ट्र मंडळातल्या निम्म्या लोकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिच्या हातून जातात. तरीही दर गणपतीत कोणीतरी हातात मोदक घेऊन मला विचारते, “पिरॅमिड परग्रहावरच्या लोकांनी बांधले ना हो, काकू? ते इजिप्शियन नंतर गेले कुठे?” ते कुठेही गेले नाहीत. त्यांनी धर्म बदलला, लिपी बदलली, शेती आणि विणकाम चालू ठेवले. त्यांची भाषा ग्रीक अक्षरांत आणि स्वतःच्या सहा-सात जास्तीच्या अक्षरांत लिहिली जाऊ लागली, तिला आपण कॉप्टिक म्हणतो. मरियम ती दर रविवारी गाते. माझे उच्चार ऐकून ती पहिल्यांदा म्हणाली होती, “तू आमची भाषा थडग्यावर वाचल्यासारखी बोलतेस.” बरोबर होते. मी ती थडग्यांवरूनच शिकले होते.

कलम ४. माझा पुतण्या नकुल याला माझ्याकडून काही मिळणार नाही. कारण पुढील कलमात येईल. त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, असे लिही, असे रुहीने सुचवले. तसे मी लिहीत नाही.

कलम ५. माझ्या झोपण्याच्या खोलीत, पलंगाखाली, पांढऱ्या सपाट पेटीत एका लहान मुलाचा अंगरखा आहे. लिननच्या कापडाचा, त्यावर लोकरीच्या विणीत लाल ससे आणि बदके. वय अंदाजे चौदाशे वर्षे. तो माझा नाही. जे माझे नाही ते मी कोणाला देऊ शकत नाही, म्हणून तो कोठे जायचा आहे एवढेच येथे नोंदवते. तो इजिप्तला परत जायचा आहे.

तो माझ्याकडे कसा आला, हे आता लिहिते.

माझे थोरले दीर शशिकांत भाऊजी आणि विनीता वहिनी १९८६ साली भारतातून परतताना इजिप्तला उतरले होते. लक्सरच्या एका दुकानदाराने त्यांना मागच्या खोलीत नेऊन हे कापड विकले. प्राचीन वस्तू विकायला आणि देशाबाहेर न्यायला त्र्याऐंशीच्या कायद्याने बंदी होती. भाऊजींनी ते सुटकेसमध्ये साड्यांच्या मध्ये घालून आणले, फ्रेम करून घेतले आणि दिवाणखान्यात, उबेसाठी भिंतीत बसवलेल्या शेगडीच्या वर टांगले. गॅसच्या शेगडीच्या वर. काचेतून फक्त छातीचा पट्टा आणि दोन ससे दिसत.

मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या हातातले ताट तसेच राहिले. मी म्हणाले, “भाऊजी, हे खरं आहे. हे कबरीतलं आहे. एका मेलेल्या लेकराच्या अंगावरून काढलेलं आहे.”

ते हसले. “नीलांबरीला सगळं खरंच वाटतं. अगं, टुरिस्ट लोकांसाठी बनवतात.”

पुढे प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक वाढदिवसाला मी त्या फ्रेमखाली बसून उपमा खाल्ला. निदान शेगडीवरून तरी हलवा, म्हणून सांगितले. गुरुनाथ, माझे यजमान, गाडीत बसल्यावर म्हणायचे, “दर वेळी कशाला? दादाला उगीच वाईट वाटतं.” त्या मुलाच्या आईला काय वाटले असते, हे विचारायची सोय आमच्या गाडीत नव्हती.

गुरुनाथ गेले. त्यानंतर दोन वर्षांनी भाऊजींच्या मुलाने, नकुलने, त्या फ्रेमचा फोटो इंटरनेटवर टाकला आणि एका लिलाववाल्याचा त्याला फोन आला. एका दुपारी बापलेक माझ्याकडे आले. इतकी वर्षे जे खोटे होते ते एकदम खरे झाले होते.

नकुल म्हणाला, “काकू, सिंपल आहे. तुम्ही फक्त एक लेटर द्यायचं, की हे फॅमिलीकडे सेव्हन्टीजपासून आहे. त्यांना ओनरशिपची हिस्टरी लागते. तुमचं नाव चालतं.”

“तू जन्मलास त्याच्या पुढच्या वर्षी ते आणलं,” मी म्हणाले. “वहिनींनी तुला तुझ्या मावशीकडे ठेवलं होतं.”

“सो? हू इज गोइंग टू चेक, यार?”

ज्या बाईने आयुष्यभर असल्याच खोट्या कागदांशी डोके फोडले, तिच्या टेबलाशी बसून, तिचा चहा पीत, तो हे बोलला.

मी पत्र लिहिले. एक लिलाववाल्यांना आणि एक इजिप्तच्या वकिलातीला. दोन्हीत खरे लिहिले. लिलाव कॅन्सल झाला. भाऊजींचा फोन आला. ते ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, “गुरुनाथ असता तर तुझी हिंमत झाली नसती.” मी फोन ठेवला आणि भांडी घासत बसले, कारण दुसरे काही सुचेना. नंतर विचार केला तर त्यांचे म्हणणे खरेच होते, आणि त्याचाच जास्त राग आला.

त्यानंतर मला नकुलच्या मुलीच्या बारशाला बोलावले नाही. दिवाळीचा फराळ आला नाही. मंडळात लोक माझ्याशी हवामानाबद्दल बोलू लागले. रुहीने चँडलरहून फोनवर विचारले, “आई, व्हाय आर यू सो इंटेन्स अबाउट अ क्लॉथ?” वकिलातीतून उत्तर आले, मग फॉर्म आले, मग जे अधिकारी माझ्याशी बोलत होते त्यांची बदली झाली आणि तेच फॉर्म पुन्हा आले. फ्रेम तिथेच होती, शेगडीवर.

या एप्रिलमध्ये विनीता वहिनी दारात उभ्या राहिल्या. फ्रेम आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळून मागच्या सीटवर आणली होती.

“हे घे. ते झोपलेत.”

“वहिनी, त्यांना विचारलंत का?”

“लग्न झाल्यापासून विचारूनच करतेय,” वहिनी म्हणाल्या. “आता सुनेला बाळ झालं, त्याला मांडीवर घेऊन त्याच फ्रेमखाली बसते मी. माझ्याच्यानं नाही होत.”

मी फ्रेम उघडली. फ्रेमवाल्याने कापड पुठ्ठ्याला पार्सलच्या चिकटपट्टीने चिकटवले होते. त्याला मी मनातल्या मनात जे बोलले ते भाषांतरात नको. चिकटपट्टी काढायला आठवडा गेला. पुठ्ठ्यामागे बाकीचे कापड घडी घालून कोंबलेले होते. विक्रेते सहसा नक्षीचे तुकडे कापून घेतात आणि उरलेले फेकून देतात. इथे कोणाच्या तरी आळसामुळे अख्खा अंगरखा वाचला होता, दोन्ही बाह्यांसकट.

तो टेबलावर पसरलेला असताना भाऊजी आले. वहिनींनीच गाडीतून सोडले आणि त्या गाडीतच बसून राहिल्या. भाऊजी काठी टेकत आत आले. “माझी वस्तू दे.”

“टेबलावर आहे,” मी म्हणाले. “उचला आणि न्या.”

ते टेबलापाशी गेले आणि थांबले. चाळीस वर्षे त्यांनी फक्त दोन ससे पाहिले होते. बाह्या कधी पाहिल्या नव्हत्या. म्हणाले, “एवढंसं?”

“तीन-चार वर्षांचं असेल मूल.”

“हे कमरेला आडवं काय शिवलंय?”

“कापड आत घेतलंय. मूल उंच झालं की टाके उसवून खाली सोडायचं.”

“वाढत्या अंगाचं.”

“हो.”

“मग सोडलं का नाही?”

मी हातातला चिमटा खाली ठेवला. भाऊजी जन्मभर गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होते, त्यांना एकच गोष्ट दोनदा समजावावी लागत नाही. ते खुर्ची ओढून बसले. नंतर म्हणाले, “माझ्या चड्ड्या गुरुनाथला व्हायच्या. आई खाली चार बोटं दुमडून द्यायची. दर जूनला शाळेच्या आधी थोडी सोडायची. त्या रेघा दिसायच्या, म्हणून पोरं त्याला चिडवायची.” हे मला गुरुनाथने कधीच सांगितले नव्हते.

भाऊजींनी अंगरख्याला हात लावला नाही. चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाले. मग तिकडच्या संग्रहालयात पाटीवर ‘केळुसकर’ लिहितील का, असे विचारले. मी नाही म्हणाले. “निदान विनीताचं?” नाही म्हणाले. “मग तुझं तरी?” कोणाचेच नाही, हे त्यांना पटायला दुसरा कप लागला. उठताना त्यांनी विचारले, “वकिलातीत हे सोपवायची तारीख यायच्या आत तुझं काही बरंवाईट झालं तर?” प्रश्न रास्त होता. हे मृत्युपत्र त्यामुळे लिहीत आहे.

म्हणून रुहीला सूचना: तारीख येईपर्यंत पेटी पलंगाखालीच, सपाट, अंधारात ठेवावी. नकुल मागायला आला तर चहा द्यावा, पेटी देऊ नये. फॉर्म पुन्हा मागितले तर पुन्हा भरावेत. आणि कमरेची ती दुमड कोणीही, अभ्यासासाठी, फोटोसाठी किंवा कुतूहलापोटी, उसवू नये. पेटीत ही सूचना इंग्रजीत आणि अरबीत लिहून ठेवली आहे. मरियमने खाली कॉप्टिकमध्येही लिहिली, कोणाला वाचता येवो न येवो.

कलम ६. मला साध्या सुती साडीत निरोप द्यावा. नवी विकत आणू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचला. तो माझा आहे, अक्षर माझे आहे आणि चीडही माझी आहे. तिच्यातील भाऊजींच्या वाट्याचा भाग सध्या काढून घेतला आहे, तरी कलम ४ कायम आहे.

ठिकाण: ट्रॉय, मिशिगन
दिनांक: १४ जून २०२५

सही: नीलांबरी गुरुनाथ केळुसकर

साक्षीदार १: मरियम गिर्गिस, ट्रॉय. मराठी वाचता येत नाही. मजकूर मी इंग्रजीत सांगितला, तो तिला मान्य आहे.

साक्षीदार २: शशिकांत केळुसकर, ट्रॉय. या मृत्युपत्राने त्यांना काहीही मिळत नसल्यामुळे साक्षीदार होण्यास हरकत नाही, असे वकिलांनी कळवले आहे. त्यांनी संपूर्ण मजकूर वाचून, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून, सही केली आणि सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिले:

‘वकिलातीत मीही येणार. गाडीत पेटी मी मांडीवर धरीन.’