ह्यांच्या बाजूने

३ मार्च
शेजारचे कंपाउंडर भावोजी आजही आले! ह्यांना जाऊन महिना झाला, तरी सकाळी आपले हजर. चहा निवेपर्यंत कपाकडे बघत बसतात. रोज दोघांची जुंपायची — हे एका पक्षाचे, भावोजी दुसऱ्याचे. मी आतून ओरडायची, "हळू! पक्ष जेवायला घालणार आहे का?" आता घर खायला उठतं.

५ मार्च
न राहवून आज ह्यांचंच वाक्य फेकलं — "नगराध्यक्षांनी रस्ता तरी केला ना?" भावोजी दचकलेच! मग म्हणाले, "वहिनी, पैसा राज्याचा. नगराध्यक्षांनी नुसती फीत कापली." मला काय ठाऊक! पण चहा गरम असतानाच संपवला त्यांनी.

६ मार्च
ह्यांच्या बाजूने भांडायचं तर माहिती हवी. पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. डोकं दुखलं.

१९ मार्च
भावोजींना वादात हरवलं! वॉर्डाचा निधी कोण ठरवतं, हे त्यांनाच धड माहीत नव्हतं. "अगदी त्याच्यासारखं बोललात," म्हणाले आणि डोळे पुसले. मीही आत जाऊन रडून घेतलं. ह्यांचं बोलणं घरात राहावं, एवढ्यासाठीच तर चाललंय सगळं.

२ एप्रिल
पेपरात कोपऱ्यात बातमी — आपल्या वॉर्डातला पालिकेचा दवाखाना पाडून तिथे वाहनतळ. ठराव ह्यांच्याच पक्षाचा. "आता बोला!" भावोजी म्हणाले. मी बोलले काहीतरी थातुरमातुर.

७ एप्रिल
वॉर्डसभेला गेले, जन्मात पहिल्यांदा. उठून विचारलं — "रोजच्या इंजेक्शनला म्हाताऱ्या माणसांनी जायचं कुठे?" नगरसेवक हसले. "काकू, काका असते तर त्यांनी तुम्हाला नीट समजावलं असतं."
अंगाचा तिळपापड झाला! पण परत येताना वाटलं, खरंच समजावलं असतं. ह्यांनी पक्षाचीच री ओढली असती, आणि मी मान डोलावली असती. फार वाईट वाटलं. ते कुणाला सांगू?

८ एप्रिल
भावोजी आले. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

२० एप्रिल
मतदान. लग्न झाल्यापासून हे सांगतील तिथे मत दिलं. आज विरुद्ध दिलं.
बाहेर भावोजी भेटले. "त्याच्याच पक्षाला ना?" मी मान डोलावली.
घरी येऊन दार लावलं. हे खरे आज गेले.