झाकणावरचे दगड

मलावी,
१४ ऑगस्ट २०२५

ती. स्व. श्रीपादकाकांस,
अमिताचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तुम्ही लावत नाही. म्हणून पुतणीने परदेशातून पत्रं लिहायची आणि तुमच्या नातीने ती छापून तुमच्या हातात द्यायची, ही व्यवस्था मला मान्य आहे. उर्वीला सांगा, अक्षर मोठं छाप.

माझं काम नेमकं काय, असं तुम्ही विचारलं होतंत. याला तांत्रिक साहाय्य म्हणतात. खर्च एका आंतरराष्ट्रीय संस्थेचा, माझ्यासारखे इंजिनिअर आपल्या देशाचे, आणि शिकायचं ते इथल्या नगरपालिकेच्या लोकांनी. सरोवराकाठचं लहान गाव आहे. पाणी भरपूर आहे, पण नळाला येईलच याचा भरवसा नाही.

पहिल्या महिन्यात मी काय केलं असेल ते ओळखा. देशातल्या सर्वांत स्वच्छ शहराची, इंदूरची मुलगी, दुसरं काय करणार? रस्त्यातल्या व्हॉल्व्हच्या चेंबरांवर माती, गवत, दगड साचले होते. कुठे झाकणावर एक दगड, कुठे दोन, नुसता पसारा. सगळं उचलून फेकलं आणि झाकणं निळी रंगवून घेतली. संस्थेला फोटो पाठवले, शाबासकी आली. मग इंग्रजीत चाळीस पानांची पुस्तिका लिहिली आणि व्हॉल्व्ह फिरवायच्या चाब्या दोन नव्या डिप्लोमावाल्यांच्या हाती दिल्या.

तिथून बिनसलं. जुलैच्या मध्यापासून टेकडीवरच्या वस्तीला पाणीच चढत नाही. वर बाळंतपणाचा दवाखाना आहे. तिथल्या नर्स खालून बादल्या वाहून नेतात. रविवारी तेवढं पाणी येतं, सोमवारपासून पुन्हा कोरडं. दोघे डिप्लोमावाले शपथेवर सांगतात की व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत.

जुने चार कर्मचारी आहेत. त्यांच्यातले थोरले बांबो फिरी. बांबो म्हणजे आपलं 'जी' समजा, फक्त नावाच्या आधी लावायचं. तीस वर्षं नोकरी झालीय. माझ्या वर्गात तीन दिवस बसले, एक शब्द बोलले नाहीत. दोनदा माझ्या टेबलाशी आले, तब्येत विचारली आणि गेले. मला वाटतं, त्यांना कामातलं काही येत नाही. संस्थेने ५ सप्टेंबरपर्यंत माझं लेखी मत मागितलं आहे. काम या चौघांकडे ठेवायचं, की त्यांना घरी बसवून बाहेरच्या कंपनीला द्यायचं? मी कंपनीच लिहिणार आहे, पण हात अडतोय. तुमची चाळीस वर्षं पाण्याच्या खात्यात गेली, म्हणून विचारते.

पोह्यांवरची शेव संपली आहे. रागवायचं असेल तर रागवा, पण उत्तर आळशीपणाने टाळू नका.

तुमची लाडकी (असं तुम्हीच म्हणता),
अमिता


राजेंद्र नगर, इंदूर,
१९ ऑगस्ट २०२५

चि. अमितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तुझ्या काकूने एकदा वाचलं आणि विचारलं की पोरगी शेवेशिवाय खाते तरी काय. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. अमिता, मला एकच सांग, ते दगड कुणी ठेवले होते? माती आपोआप साचते, गवत आपोआप उगवतं. दगड मात्र एका झाकणावर एक आणि दुसऱ्यावर दोन असे आपले आपण चढून बसत नाहीत.

आमची एक गोष्ट सांगतो. शहाऐंशी साली आमच्या खात्यात असेच परदेशी तज्ज्ञ आले होते. त्यांच्या आधी दुसऱ्या एका देशाने व्हॉल्व्ह दिले होते, यांनी आपले आणले. व्हॉल्व्ह साधारण उजवीकडे फिरवला की बंद होतो. पण आधीच्यांचे होते उलट्या आट्याचे, उजवीकडे फिरवले की उघडायचे. दोन्ही तऱ्हा एकाच गल्लीत पुरलेल्या, वरून दिसायला सारख्या.

आमचा व्हॉल्व्हवाला बंडू. त्याने उलट्या आट्याच्या झाकणांवर खुणेसाठी शेंदूर फासला. महिन्याभरात लोक त्यावर फुलं वाहायला लागले. मग बंडूची पंचाईत. तो चपला काढायचा, फुलं बाजूला ठेवायचा, चाबी फिरवायचा आणि फुलं परत वाहायचा. तज्ज्ञांच्या माणसाने नकाशा केला, तेव्हा राजवाड्यामागच्या बोळात सात देवळं दाखवली. त्यातली सहा आमची होती. ते सहा व्हॉल्व्ह नकाशातून गेले आणि दोन उन्हाळे लोकांनी आमचा उद्धार केला. शेवटी मी दुरुस्त यादी करून दिली. त्यांच्या जाड अहवालाच्या शेवटी ती माझ्या नावाने छापली आहे, कपाटात आहे अजून.

तुझे बांबो फिरी दोनदा टेबलाशी आले ते तब्येत विचारायला आले नव्हते. तू पाहुणी, वर साहेब. चारचौघांत तुझी चूक काढायला त्यांची जीभ कशी उचलेल? आता त्यांना प्रश्न विचारू नकोस. त्यांच्या हातात चाबी दे आणि मागून चाल. पुस्तिका घरी ठेव. मत लिहायची घाई त्यानंतर कर.

शेव कुणाबरोबर पाठवता येते का ते बघतो. तब्येतीला जप आणि म्हाताऱ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
श्रीपादकाका

(अमिता आत्या, मी उर्वी. लेटर स्कॅन करून पाठवतेय. आजोबा सकाळपासून कपाटातली ती फाइल काढून बसलेत, कुणाला हात लावू देत नाहीत. कानाची मशीन ड्रॉवरमध्येच पडलीय. तूच समजाव यार.)


मलावी,
२८ ऑगस्ट २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

काल घरी गणपती बसले असतील. माझ्या वाटचे मोदक उर्वीने खाल्ले तरी चालतील, कारण गेल्या आठवड्यापासून माझं पोट आनंदाने भरलंय. टेकडीवर पाणी चढलं.

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. बांबो फिरींना चाबी देऊ केली, तर ते हसले आणि स्वतःची जुनी चाबी घेऊन आले. मी मागून चालले. पहिले दोन व्हॉल्व्ह त्यांनी नुसते पाहिले. तिसऱ्यापाशी थांबून रस्त्याकडेच्या गवतात काहीतरी शोधायला लागले. दोन दगड घेऊन आले, माझ्या निळ्या झाकणाशेजारी ठेवले आणि झाकण काढून चाबी उजवीकडे फिरवली. पुस्तिकेत मी उजवीकडे म्हणजे बंद असं ठळक अक्षरात छापलं आहे. काका, चेंबरातून पाण्याचा आवाज आला. एक दगड म्हणजे सरळ, दोन म्हणजे उलटा. इथेही दोन देशांनी दोन वेळा व्हॉल्व्ह दिले होते. तीस वर्षांची नोंद मी स्वच्छतेच्या नावाखाली एका सकाळीत उचलून फेकली होती.

रविवारचं कोडंही सुटलं. दर रविवारी, डिप्लोमावाले सुट्टीवर असताना, बांबो फिरी एकटे वर जाऊन व्हॉल्व्ह उघडून यायचे. सोमवारी आमचे दोघे माझ्या पुस्तिकेप्रमाणे तो उघडायचे, म्हणजे बंद करायचे. मला सांगितलं का नाही, असं विचारलं. ते म्हणाले की पाहुण्याने आपलं अंगण झाडायला घेतलं तर त्याच्या हातातून झाडू कसा हिसकावायचा. दवाखान्यात नर्सने नळ सोडला, आधी तांबडं पाणी आलं, मग स्वच्छ. ती टाळ्या वाजवत होती आणि मी रडत होते. अशा माणसाला मी घरी बसवायला निघाले होते, या विचाराने अजून धडकी भरते.

आठवडाभरात आम्ही सगळी झाकणं फिरलो. दगड पुन्हा जागेवर आहेत. मत लिहून झालंय. काम याच चौघांकडे राहील आणि त्या दोघा डिप्लोमावाल्यांना बांबो फिरीच शिकवतील. सगळ्या व्हॉल्व्हचा नकाशाही केला, त्यावर करणारा म्हणून त्यांचं नाव पहिलं आहे. संस्थेच्या साहेबांनी काल ते मान्य केल्याचं कळवलं. तुमच्या यादीवरही बंडूकाकांचं नाव असेलच ना? त्या पानाचा फोटो पाठवा, बांबो फिरींना दाखवायचा आहे.

काकूला नमस्कार. तुमचा धाक असाच राहू दे, मला त्याची गरज पडते.

तुमची,
अमिता


राजेंद्र नगर, इंदूर,
८ सप्टेंबर २०२५

चि. अमितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हायसं वाटलं. तुझी काकू देवापुढे साखर ठेवून आली. पण तुझ्या शेवटच्या प्रश्नाने माझी दहा दिवसांची झोप उडवली.

फोटो पाठवत नाही, कारण त्या पानावर बंडूचं नाव नाही. ती यादी मी केली असं तुला लिहिलं, ते खोटं होतं. बंडू बोलला आणि मी लिहून घेतलं. सही करताना मला त्याची आठवणही झाली नाही. त्या यादीवर मला बढती मिळाली. निवृत्त झाल्यापासून मी त्याच्याकडे एकदाही गेलो नव्हतो, याचं कारण आता तुला कळलं असेल.

अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची मिरवणूक झाली आणि काल उर्वीला घेऊन बडा गणपतीच्या देवळापाशी त्याच्या घरी गेलो. माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे, पायांनी अधू, डोकं शाबूत. तुझी गोष्ट सांगितली, तर त्याने आधी फिरींची चाबी किती फुटांची आहे ते विचारलं. मग मी यादी काढली आणि माफी मागितली. त्याने यादी डोळ्यांशी धरली आणि आपल्या इंदुरी थाटात म्हणाला की भिया, यात दोन व्हॉल्व्ह चुकलेत, तेव्हापासून माहीत आहे. मी म्हटलं, मग एकोणचाळीस वर्षांत बोलला का नाहीस? तर म्हणाला की तुम्ही परत विचारलंच कुठे. राग नव्हता त्याच्या बोलण्यात, म्हणून जास्त लागलं.

दुपारभर बसलो. त्याने सांगितलं, उर्वीने लिहिलं. एकतीस व्हॉल्व्ह, दोन्ही चुका दुरुस्त. खाली सही त्याने केली, फक्त त्याने. खात्यातल्या हल्लीच्या इंजिनिअरला उर्वी ते कागद उद्या देणार आहे. तुझ्या बांबो फिरींना दाखवायला त्या पानाचा फोटो सोबत आहे. निघताना बंडूने माझा हात बराच वेळ सोडला नाही. किती मोकळं वाटलं, ते तुला काय सांगू.

आणि हो, उर्वी सांगण्याआधी मीच सांगतो. काल कानाचं यंत्र लावून गेलो होतो. बंडू हळू बोलतो, एक शब्दही निसटायला नको होता. तेव्हापासून काढलेलं नाही. आता तू फोन केलास तरी ऐकू येईल.

तुझा,
श्रीपादकाका