साच्यातलं कुंकू

शुगर लँड, २९ ऑक्टोबर २००५

ती. बाबा,

नमस्कार. इथे सगळं ठीक. बोट भाजलं होतं, तेही भरत आलंय. आईला सांगू नका.

शेजारच्या वॉल्टरकाकांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं दुकानात मिळत नाहीत, म्हणून आम्ही गॅरेजमध्ये शिसं ओतून गोळ्या पाडतो. तीन शनिवार वाया गेले! एकूण एक गोळी सुरकुतलेली. शिसं बदललं, आच वाढवली, वैताग आला नुसता.

आज साचा नीट पाहिला, तर आत तेलात कालवलेलं कुंकू! साच्यात तेल राहिलं की गोळी सुरकुततेच. तुमच्या सूनबाईनं, ज्ञानदानं, खंडेनवमीला त्याची पूजा केली होती. मी जाम भडकलो.

"तुझी बोटं शाबूत राहावीत म्हणून केली," एवढंच म्हणाली.

तुम्ही दारूगोळा कारखान्यात असताना आई तुमच्या हत्यारांना कुंकू लावायची. तुम्ही कधी ओरडलात का हो?

तुमचा,
नकुल